याखिमोव्ह: डॉलरला नाव देणारं चांदीचं गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्यांबद्दल बोलायला मी कुठेही गेले, की डॉलरच्या जन्माची गोष्ट निघते आणि मग घरी आल्यावर प्रश्न येत राहतात. काही शाळेतल्या मुलांचे असतात, काही युरोपच्या सहलीला निघालेल्यांचे, तर काही जुनी नाणी जमवणाऱ्यांचे. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे जरा अडचणीचे. सगळं वाचायला वेळ नसेल तर ८, १६ आणि १८ एवढे तरी वाचा. नाण्याची गोष्ट सगळे सांगतात, खाणीत उतरणाऱ्यांची फार कमी लोक सांगतात.

१. याखिमोव्ह आहे कुठे, आणि हे नाव उच्चारायचं कसं?

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेला, जर्मनीच्या सीमेवर एक डोंगररांग आहे. चेक लोक तिला क्रुश्ने होरी म्हणतात, जर्मन लोक एर्झगेबिर्गं. दोन्ही नावांचा अर्थ एकच: धातूंच्या दगडांचे डोंगर. कार्लोव्ही वारी या प्रसिद्ध गरम झऱ्यांच्या शहरापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, एका अरुंद दरीत याखिमोव्ह आहे. दरी इतकी चिंचोळी, की गाव म्हणजे जवळपास एकच लांब चढणीचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. वर क्लिनोव्हेत्स हे रांगेतलं सर्वांत उंच शिखर, १,२४४ मीटर.

नावातला ‘खि’ घशातून काढायचा. जुन्या पुस्तकांत हे गाव योआखिम्सटाल या जर्मन नावाने सापडेल. गाव तेच.

२. हे खेडं आहे की शहर? काही जण शहर लिहितात.

कागदावर शहर. १५२० मध्ये राजा लुडविकने त्याला खाणींचं मुक्त राजनगर म्हणून सनद दिली. १५३० च्या दशकात इथे अठरा हजारांच्या आसपास माणसं राहत होती आणि बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) प्राग सोडलं तर एवढी वस्ती कुठेच नव्हती. आज तीन हजारही नाहीत. वरच्या अंगाच्या मोठाल्या जुन्या दगडी घरांसमोरून चालताना माणूस क्वचित भेटतो. म्हणून मी त्याला गावच म्हणते.

३. चांदी सापडण्याआधी तिथे काय होतं? आणि हे नाव कशावरून पडलं?

जंगल होतं आणि कोनराड्सग्र्युन नावाची एक उजाड झालेली वाडी होती. डोंगराच्या पलीकडे, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या बाजूला, आधीच चांदी लागली होती. तिथे १४९६ मध्ये आनाबेर्ग हे शहर वसलं. त्यामुळे खाणीचं काम जाणणारी माणसं अलीकडच्या उतारांवरही चांदीच्या शिरा, म्हणजे दगडातले धातूचे पट्टे, शोधत फिरत होती. १५१६ मध्ये या दरीत मोठी शिर लागली आणि जमिनीचा धनी काउंट श्टेफान श्लिक (चेक लोक त्याला श्तेपान श्लिक म्हणतात) याने गाव वसवलं.

पहिलं नाव नुसतं ‘टाल’, म्हणजे दरी. मग त्याला संत योआखिमचं नाव जोडलं. हे निवडीने केलेलं आहे. ख्रिस्ती परंपरेत योआखिम हे मेरीचे वडील आणि आना ही आई. पलीकडे आनाचं गाव होतंच, मग अलीकडे तिच्या नवऱ्याचं झालं. पुढे १५२१ मध्ये सॅक्सनीत मारिएनबेर्ग म्हणजे लेकीचंही गाव वसलं.

४. ‘डॉलर’ हा शब्द खरंच इथून निघाला का?

हो, याबद्दल शंका नाही. योआखिम्सटालच्या चांदीच्या मोठ्या नाण्याला लोक ‘योआखिम्सटालर’ म्हणायचे. जर्मनमध्ये गावाच्या नावाला ‘अर’ लावलं की त्या गावचा असा अर्थ होतो, आपण ‘कर’ लावतो तसाच. नागपूरकर, सातारकर, तसा हा योआखिम्सटालर. एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? मागचा तुकडा उरला: टालर. मराठीत म्हणायचं तर ‘दरीकर’.

हा शब्द नाण्याबरोबर फिरला. डच लोकांनी ‘दाल्डर’ केलं, स्कँडिनेव्हियात ‘दालेर’ झालं, चेकमध्ये ‘तोलार’. इंग्रजीत तो ‘डॉलर’ बनला आणि अमेरिकेच्या वसाहतींमध्ये स्पेनच्या मोठ्या चांदीच्या नाण्यालाही लोक तेच म्हणू लागले. १७८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपल्या चलनासाठी हाच शब्द घेतला. नाणी पाडण्याचा कायदा १७९२ चा. स्लोव्हेनियाचं चलन १९९१ पासून युरो येईपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, ‘तोलार’ होतं. पॅसिफिकमधल्या सामोआत आजही ‘टाला’ चालतो, तोही याच कुळातला.

पण टालर हे जगातलं पहिलं मोठं चांदीचं नाणं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर क्रमांक २१ मध्ये.

५. ते मूळ नाणं दिसायचं कसं?

एका बाजूला संत योआखिम उभे आणि त्यांच्याजवळ श्लिक घराण्याची ढाल. दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह आणि भोवती लॅटिन अक्षरांत राजा लुडविकचं नाव. वजन साधारण २९ ग्रॅम. त्याच शतकात आपल्याकडे शेरशहाने पाडलेला रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे टालर त्याच्या अडीचपट जड.

नाणी जमवणाऱ्यांना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. इतिहासाच्या पुस्तकांत हा राजा लुडविक दुसरा म्हणून येतो आणि नाण्यावर तर ‘पहिला’ कोरलेलं असतं. नाणं खोटं नाही. हंगेरीत तो दुसरा होता, बोहेमियात त्या नावाचा पहिलाच.

६. नाणी पाडायचा हक्क एका सरदाराकडे कसा? राजाने चालू कसं दिलं?

फार काळ चालू दिलं नाही. १५२० च्या जानेवारीत बोहेमियाच्या सभेने श्लिकांना नाणी पाडायची परवानगी दिली. दरबार तेव्हा दुबळा होता आणि चांदी श्लिकांच्याच जमिनीतून निघत होती. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांविरुद्ध लढताना राजा लुडविक मारला गेला. त्याच रणात श्टेफान श्लिकही संपला. गादीवर हाब्सबुर्ग घराण्याचा फर्डिनांड आला आणि १५२८ मध्ये त्याने टाकसाळ काढून घेतली. दरीत राजाच्या टाकसाळीची दगडी इमारत १५३० च्या दशकात उभी राहिली आणि नाणी पाडणं १६७१ पर्यंत चाललं. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे (प्रश्न २३).

७. खाण कुणाची असायची? श्लिकांची, राजाची की खाणकामगारांची?

जमीन आणि वरचा हक्क धन्याचा, पण एकेक खाण चालवायला पैसा लागायचा आणि तो भागीदारांकडून यायचा. खाणीचे १२८ भाग करायचे. एका भागाला ‘कुक्स’ म्हणत. हे भाग न्यूरेनबर्ग, लाइपझिगसारख्या शहरांतले व्यापारी घ्यायचे, ज्यांनी खाणीचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. चांदी लागली तर नफा भागाप्रमाणे वाटला जायचा. नाही लागली तर खाण चालू ठेवायला भागीदारांनी पुन्हा पैसे घालायचे. निघालेल्या चांदीचा ठरावीक हिस्सा धन्याला, आणि ती ठरवलेल्या भावाने टाकसाळीलाच विकायची. खरी कमाई या सक्तीच्या खरेदीतच असायची.

हे सगळं चालवायला लेखी नियम होते. कामाच्या पाळ्या, मोजमाप, शिरेवरचा हक्क, भांडणं झाली तर निवाडा कुणी करायचा, सगळं त्यात होतं. याखिमोव्हचे हे खाणनियम, विशेषतः १५४८ चे, पुढे मध्य युरोपातल्या इतर खाणप्रदेशांनीही नमुना म्हणून वापरले.

८. यंत्रं नव्हती, वीज नव्हती. मग चांदी काढायचे कशी?

हातोडा आणि छिन्नी. छिन्नीला लाकडी दांडा असायचा, म्हणजे तिच्यावर घाव घालताना हात सलामत राहायचा. दगड फारच कठीण असेल तर त्याच्याशी लाकडं रचून आग लावायची आणि तापून तडकला की फोडायचा. बंदुकीची दारू खाणीत आली ती सतराव्या शतकात. त्याआधीचे बोगदे माणसाने इंच इंच कोरलेले आहेत आणि भिंतींवर छिन्नीचे आडवे ओरखडे अजून दिसतात. काही बोगदे इतके अरुंद, की खांदे तिरके करूनच जावं लागतं. मी त्या ओरखड्यांवर हात ठेवून पाहिला आहे. त्या दिवसापासून संग्रहातला कुठलाही टालर हातात घेतला, की मला आधी ती भिंत आठवते.

सर्वांत मोठा शत्रू पाणी. खाण खोल गेली की पाणी भरतं. ते उपसायला पाणचक्क्यांवर चालणारे पंप, घोड्यांनी फिरवायचे रहाट आणि दरीच्या तळापासून आत खोदत नेलेले लांब बोगदे, ज्यांतून पाणी आपोआप बाहेर वाहील. असा एक बोगदा पुरा व्हायला कित्येक वर्षं लागायची आणि तेवढ्या काळात त्यातून चांदीचा कणही मिळायचा नाही.

वर आलेला दगड ठेचायचा, धुवायचा, भाजायचा आणि शिशाबरोबर वितळवायचा. चांदी शिशात उतरते. मग ते मिश्रण राखेच्या मुशीत तापवून हवेचा झोत दिला, की शिसं जळून राखेत मुरतं आणि मुशीत चांदीचा गोळा राहतो. सोनार कुपेलीत जे करतो तेच, फक्त प्रचंड प्रमाणावर. त्या धुरात शिसं असायचं आणि इथल्या दगडात सोमल (आर्सेनिक) भरपूर, त्यामुळे सोमलही. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या श्वासात दोन्ही जायचं.

९. एवढी चांदी निघत होती, तर खाणकामगार श्रीमंत झाले का?

नाही. मजुरी आठवड्याला ठरलेली असायची आणि दरीत धान्य पिकत नव्हतं. सगळं खालून गाडीने चढवायचं, म्हणून महाग. १५२५ च्या मे महिन्यात, जर्मनीत शेतकऱ्यांचे उठाव पेटले होते त्याच दिवसांत, इथले खाणकामगार उठले. त्यांनी नगरसभागृहात घुसून कागदपत्रं फाडली आणि श्लिकांच्या किल्ल्यावर चाल केली. शेवटी तडजोड झाली आणि काही मागण्या मान्य झाल्या. इतर ठिकाणी शेतकऱ्यांच्या बंडांचा शेवट रक्तात झाला, इथे तसं झालं नाही. कारण सरळ आहे: कसबी खाणकामगार सीमेपलीकडे निघून गेले असते, तर चांदी काढायला कुणी उरलं नसतं.

१०. आग्रिकोला कोण? खाणीवरच्या लेखांत हे नाव सारखं येतं.

खरं नाव गेऑर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळच्या पंडितांच्या रीतीप्रमाणे त्याने नावाचं लॅटिन करून आग्रिकोला केलं. १५२७ मध्ये तो याखिमोव्हला गावचा वैद्य म्हणून आला आणि तीनेक वर्षं राहिला. रोगी तपासून उरलेला वेळ तो खाणीत, भट्ट्यांवर, जाणत्या खाणकामगारांशी बोलण्यात घालवायचा. त्यातून १५३० मध्ये संवादाच्या रूपातलं छोटं पुस्तक आलं आणि पुढे आयुष्यभराचं काम, ‘दे रे मेटालिका’, हे मोठं पुस्तक. ते छापून येईपर्यंत तो जगला नाही. मृत्यू १५५५ चा आणि पुस्तक १५५६ चं. छपाई लांबली ती लाकडी ठशांतल्या चित्रांमुळे.

पुढची जवळपास दोन शतकं युरोपात खाणकाम शिकायचं तर हेच पुस्तक उघडायचे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९१२ मध्ये खाणअभियंता हर्बर्ट हूव्हर आणि त्याची पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी केला. हाच हूव्हर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

११. खाणीच्या गावात पुस्तकं आणि शाळा? हे जरा अतिशयोक्त वाटतं.

वाटतं खरं, पण पुरावा आजही गावात आहे. इथे लॅटिन शाळा होती आणि तिचं ग्रंथालय होतं. त्यातली सोळाव्या शतकातली पुस्तकं आजही गावात जपून ठेवली आहेत. शाळेचा मुख्याध्यापक आणि पुढे १५४५ पासून गावचा पाद्री योहानेस माथेसियस हा प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा शिष्य. त्याने ल्यूथरच्या घरी जेवणाच्या पंक्तीत बसून ऐकलेलं लिहून ठेवलं. त्याची प्रवचनं मला विशेष वाटतात, कारण ती खाणकामगारांसाठी, खाणीच्या शब्दांत आहेत. शिर, भट्टी, मूस, पंप, काच, सगळं देवाच्या गोष्टीत येतं. पंढरीच्या वाटेवरचा कीर्तनकार पेरणी-मळणीचे दाखले देतो, तसंच हे. ती प्रवचनं १५६२ मध्ये पुस्तकरूपात आली आणि आज त्या काळच्या खाणशब्दांचा खजिना म्हणून वाचली जातात.

१२. चांदी संपली कधी?

एका दिवसात नाही. भरभराट जेमतेम तीस वर्षांची. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून वरच्या भागातल्या समृद्ध शिरा संपत आल्या, खोल जावं तर पाणी आणि खर्च दोन्ही वाढले. त्याच सुमाराला, १५४५ मध्ये, आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदीचा डोंगर लागला आणि अमेरिकेतली चांदी युरोपात येऊन भाव पाडू लागली. त्यावर धर्माचा घाव बसला. १६२० नंतर हाब्सबुर्गांनी बोहेमियात सक्तीने कॅथॉलिक पंथ आणला. इथले खाणकामगार बहुतेक ल्यूथरपंथी. ते डोंगर ओलांडून सॅक्सनीत गेले. शेजारच्या होर्नी ब्लात्ना गावातून गेलेल्यांनी १६५४ मध्ये योहानगेऑर्गेनश्टाट हे नवं गाव वसवलं. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने श्लिकांचा किल्ला जाळला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

१३. चांदी गेल्यावर उरलेल्या लोकांनी काय केलं?

बायकांनी लेस विणली. या डोंगरांत घराघरांत उशीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनांवर दोरा फिरवत लेस करायचे. शेजारचं आबेर्तामी गाव पुढे हातमोज्यांसाठी नावाजलं. खाणी लहान प्रमाणात चालूच राहिल्या. १७१६ मध्ये इथे खाणकामाची शाळा निघाली, युरोपातल्या अशा अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी एक. १८७३ मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग आणि संत योआखिमचं देऊळ जळालं.

१४. त्या ‘काळ्या दगडा’ची गोष्ट काय आहे?

चांदीच्या शिरेत काही ठिकाणी डांबरासारखा काळा, जड दगड लागायचा. तो दिसला, की पुढे चांदी बहुधा संपायची. खाणकामगार त्याला पेखब्लेंड म्हणायचे, आपण पिचब्लेंड म्हणतो. जर्मनमध्ये ‘पेख’ म्हणजे डांबर आणि बोलीत दुर्दैवही. तो टाकून द्यायचे. तसाच आणखी एक फसवा दगड होता, चांदीसारखा चकाके पण वितळवला की विषारी धूर आणि हाती चांदी नाही. त्यात खोडकर भूत, कोबोल्ड, शिरलं आहे असं खाणकामगार म्हणायचे. ‘कोबाल्ट’ या मूलद्रव्याचं नाव त्यावरूनच आलं. त्या कोबाल्टपासून काचेला आणि भांड्यांना गडद निळा रंग देता येतो हे कळल्यावर तोही विकला जाऊ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पिचब्लेंडचंही नशीब पालटलं. त्यातल्या युरेनियमपासून पिवळे, केशरी रंग बनवणारा सरकारी कारखाना याखिमोव्हमध्ये निघाला. बोहेमियाची हिरवट-पिवळी काच याच रंगाने व्हायची. शतकानुशतकं टाकलेला दगड लोक टाकाऊ ढिगाऱ्यांतून पुन्हा वेचू लागले.

१५. मारी क्युरींचा या गावाशी काय संबंध?

पिचब्लेंडमधून युरेनियम काढल्यावर उरणारा चोथा कारखान्याजवळ पाइनच्या झाडीत टाकलेला असायचा. पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरींना १८९८ मध्ये लक्षात आलं, की या दगडात युरेनियमपेक्षा कितीतरी तीव्र किरण सोडणारं काहीतरी आहे. त्याच वर्षी त्यांनी पोलोनियम आणि रेडियम जाहीर केलं. पण हाती दाखवायला धातू हवा आणि मूळ दगड विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांच्या मध्यस्थीने ऑस्ट्रियाच्या सरकारने चोथा दिला. पोती आली तेव्हा तपकिरी भुकटीत पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. गळक्या शेडमध्ये टनांनी ती भुकटी उकळून, गाळून १९०२ पर्यंत एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड निघालं.

१९२० च्या दशकात बेल्जियन काँगोतल्या खाणी सुरू होईपर्यंत जगातल्या रेडियमचा मोठा वाटा याखिमोव्हचा होता. मारी क्युरी १९२५ मध्ये स्वतः या गावात येऊन गेल्या.

१६. खाणीत किरणोत्सर्ग होता, तर कामगारांना काही झालं नाही का?

झालं, आणि शतकानुशतकं होत राहिलं. या डोंगरांतल्या खाणकामगारांना तरुणपणीच धाप लागायची, ते खंगत जायचे. लोक त्याला ‘डोंगराचा आजार’ म्हणायचे. आग्रिकोलाने आपल्या पुस्तकात खाणीतल्या धुळीबद्दल लिहिलं आहे. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणगावांत एकेका बाईने सात-सात नवरे केलेले सापडतात, कारण सगळे या आजाराने गेले, असं तो नोंदवतो. तोंडावर सैल फडकं बांधावं असा सल्लाही देतो.

१८७९ मध्ये सीमेपलीकडच्या श्नेबेर्गमध्ये दोन डॉक्टरांनी शवविच्छेदन करून हा फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं दाखवलं. याखिमोव्हच्या कामगारांबद्दल तेच विसाव्या शतकात सिद्ध झालं. कारण होतं रेडॉन. युरेनियमच्या दगडातून झिरपणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि हवा न खेळणाऱ्या बोगद्यात तो साठतो. चांदीसाठी उतरलेले लोकही त्याच शिरेत काम करत होते. ज्या टालरची आपण कौतुकाने गोष्ट सांगतो, त्याची चांदी या छात्यांमधून आली आहे.

१७. मग तिथे लोक रेडॉनच्या पाण्याने अंघोळ का करतात? सांधेदुखीसाठी जावं का?

१८६४ मध्ये स्वोर्नोस्त खाणीत खोलवर जोरदार झरा फुटला आणि खाण बुडाली. पुढे त्या पाण्यात रेडॉन विरघळलेला आहे हे कळलं आणि १९०६ मध्ये स्नानोपचार सुरू झाले. १९१२ मध्ये रेडियम पॅलेस हे मोठं हॉटेल उघडलं, ते आजही चालू आहे. पाणी अजूनही त्याच खाणीतून नळाने येतं. सांधे आणि मणक्याच्या दुखण्यांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक वेळ आणि ठरावीक वेळा स्नान देतात.

जावं का, हे मी ठरवू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा. रेडॉनचं अर्धायुष्य पावणेचार दिवसांच्या आसपास आहे आणि शरीरातून तो लवकर निघून जातो. तरीही फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचंच नाव येतं (प्रश्न १६). गरोदर बायकांनी या वाटेला जाऊ नये.

१८. ‘याखिमोव्हचा नरक’ म्हणजे काय?

हा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा मी जरा थांबते, पण उत्तर टाळत नाही.

१९४५ च्या नोव्हेंबरमध्ये चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाशी युरेनियमचा गुप्त करार केला. सोव्हिएत अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं आणि खाणीत माणसं कमी. आधी जर्मन युद्धकैदी राबवले. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर, १९४९ पासून राजकीय कैदी इथे येऊ लागले. त्यांत शेतकरी होते, धर्मगुरू होते, विद्यार्थी होते, नाझींविरुद्ध लढलेले सैनिक होते. जागतिक विजेत्या चेकोस्लोव्हाक आइस हॉकी संघातले काही खेळाडूही होते. १९५० मध्ये त्या संघावर देशद्रोहाचा खटला भरून त्यांना शिक्षा झाल्या. त्यांतला गोलरक्षक बोहुमिल मोद्री १९६३ मध्ये वारला.

खाणींभोवती तारेच्या कुंपणाच्या छावण्या होत्या. कैद्यांना कामावर नेताना गटाभोवती पोलादी दोर आवळायचे आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. त्याला कैदी ‘याखिमोव्हची बस’ म्हणायचे. स्वतःला ते ‘मुक्ल’ म्हणत. त्याचा उलगडा ‘संपवायला ठरवलेला माणूस’ असा केला जातो. सर्वांत वाईट जागा खाली ओस्त्रोव्हजवळची. तिथल्या लाल विटांच्या उंच इमारतीत युरेनियमचा दगड दळून, निवडून पिंपांत भरायचे. ती धूळ कैद्यांनी कसल्याही संरक्षणाशिवाय श्वासातून घेतली. त्या इमारतीचं नाव आता ‘मृत्यूचा लाल मनोरा’ असंच आहे.

खाणींची नावं रोव्हनोस्त, ब्रात्र्स्त्वी, स्वोर्नोस्त. अर्थ: समता, बंधुता, एकोपा. पहिली दोन नावं युद्धानंतर दिलेली. स्वोर्नोस्त मात्र सोळाव्या शतकापासूनचं, ‘एकोपा’ या अर्थाच्या जर्मन नावाचा चेक अवतार. छावण्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या, युरेनियम काढणं १९६४ मध्ये थांबलं.

१९. जुन्या कागदांत सगळी जर्मन नावं आहेत. ते लोक गेले कुठे?

गावातली बहुसंख्य वस्ती चारशे वर्षं जर्मनभाषक होती. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा भाग हिटलरच्या जर्मनीने घेतला. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ मध्ये, जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवण्यात आलं. रिकाम्या घरांत बाहेरून आलेले लोक राहू लागले. ज्यांच्या पणजोबांनी खाण खोदली ते आज बव्हेरियात किंवा सॅक्सनीत आहेत. लोकवस्ती एवढी घटली त्याचं हे मोठं कारण (प्रश्न २ मधला आकडा पाहा).

२०. कुटना होरा आणि याखिमोव्ह एकच का? दोन्हीकडे चांदी आणि टाकसाळ.

नाही. कुटना होरा प्रागच्या पूर्वेला आहे आणि तिथली चांदी तेराव्या शतकापासूनची. तिथे १३०० पासून ‘प्राग ग्रोशेन’ पाडली जायची, तीही टालरपेक्षा कितीतरी लहान. याखिमोव्हची भरभराट दोनशे वर्षांनंतरची.

२१. टालर हे जगातलं पहिलं मोठं चांदीचं नाणं? आणि युरेनियमचा शोध याखिमोव्हच्या दगडातूनच लागला?

दोन्ही दावे थोडे दुरुस्त करावे लागतात. एवढ्या वजनाचं चांदीचं नाणं १४८६ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या हाल इथे आर्चड्यूक सिगिस्मुंडने आधीच पाडलं होतं. याखिमोव्हने ते लाखोंच्या संख्येने बाजारात आणलं, म्हणून नाव याखिमोव्हचं राहिलं.

युरेनियम मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये पिचब्लेंडमधून ओळखलं, आणि तो दगड सहसा योहानगेऑर्गेनश्टाटचा मानला जातो. हे तेच गाव, जे इकडून गेलेल्यांनी वसवलं (प्रश्न १२). डोंगर एकच, शिराही त्याच जातीच्या. रेडियम मात्र निःसंशय याखिमोव्हच्या चोथ्यातून आलं.

२२. ‘श्तेपाइट’ हे खनिज श्तेपान श्लिकच्या नावाने आहे ना?

नाही, बऱ्याच जणांची इथे फसगत होते. ते योसेफ श्तेप या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या याखिमोव्हच्या खाणअभियंत्याच्या नावाने आहे. याखिमोव्हमधून शोधलेल्या खनिजांची यादी लांब आहे. आग्रिकोलाइट, माथेसियुसाइट, स्वोर्नोस्टाइट ही नावं आता तुम्हाला ओळखीची वाटतील. बेहोउनेकाइट हे फ्रान्तिशेक बेहोउनेक या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने. तो क्युरींचा विद्यार्थी आणि १९२८ मध्ये उत्तर ध्रुवाकडे जाऊन कोसळलेल्या ‘इटालिया’ या हवाई जहाजातून वाचलेला.

२३. एका दिवसासाठी गेलो तर काय पाहावं?

कार्लोव्ही वारीहून सकाळची बस घ्या. आधी राजाच्या टाकसाळीतलं संग्रहालय, मग सर्व संतांचं छोटं देऊळ. ते गावाच्या पहिल्या वर्षांतलं आहे आणि १८७३ च्या आगीतून वाचलं. वर चढत गेलात की स्वोर्नोस्त खाणीचा मनोरा दिसेल. खोदायला सुरुवात झाली १५१८ मध्ये, आणि झऱ्याच्या पाण्यासाठी लोक आजही तिच्यात उतरतात. पर्यटकांसाठी वेगळा एक बोगदा उघडा आहे. छावण्यांच्या जागांवरून जाणारी पायवाट अर्ध्या दिवसाची आहे, बूट चांगले घाला. २०१९ पासून हा सगळा खाणप्रदेश जर्मनीतल्या भागासह युनेस्कोच्या यादीत आहे. एकूण २२ जागा, त्यांतल्या पाच चेक बाजूला, आणि लाल मनोरा त्या पाचांपैकी एक.

टाकाऊ ढिगाऱ्यांवरून दगड उचलून घरी आणू नका. दिसायला सुंदर असतात, पण त्यांत काय आहे ते वर वाचलंतच. आणि मार्चमध्ये जाणार असाल तर लोकरीचं जास्तीचं काहीतरी ठेवा. मी गेले तेव्हा टाकसाळीच्या दारात गुडघाभर बर्फ होता, आणि आत जाण्याआधी संग्रहालयातल्या बाईंनी फावड्याने वाट करून दिली.